पर, खवले आणि बार मित्झ्वा

"तुमच्यात मुंज असते का हो?" हा प्रश्न न्यू जर्सीत आल्यापासून मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता उत्तर तोंडपाठ आहे. "असते की. तेराव्या वर्षी. फक्त जानवं नसतं आणि डोक्यावरचे केस शाबूत राहतात." समोरचा हसतो, आपण हसतो, आणि बटाटेवड्याच्या रांगेत पुढे सरकतो.

पण नीट सांगायचं तर हे उत्तर अर्धवटच आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. आम्ही बेने इस्राएल. आडनाव कोकणातल्या गावावरून, शेवटी 'कर'. घरात मराठी, शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवे, आणि जेवायला नारळाच्या दुधातली आमटी. माझं बालपण ठाण्यात गेलं. तिथलं आमचं शाआर हाशामाईम सिनेगॉग १८७९ सालचं. वडील अलिबागचे, तिथल्या इस्रायल आळीतले. जुनी मंडळी सिनेगॉगला सरळ 'मशीद' म्हणत. बाबा अजूनही म्हणतात. ते इकडे आले की शनिवारी सकाळी शेजारच्या जोश्यांना सांगतात, "जरा मशिदीत जाऊन येतो." जोश्यांच्या चेहऱ्याची आता सवय झाली आहे.

माझ्या थोरल्याची बार मित्झ्वा २६ मार्च २०२२ ला झाली. तयारी त्याच्या आधी जवळजवळ दीड वर्ष चालली होती. त्या दीड वर्षात घरात जेवढी चर्चा, रुसवेफुगवे आणि अभ्यास झाला तेवढा माझ्या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेच्या वेळीही झाला नव्हता.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. बार मित्झ्वा ही 'करण्याची' गोष्ट नाही, 'होण्याची' आहे. 'बार' हा अरामी शब्द, अर्थ मुलगा; मित्झ्वा म्हणजे धर्माज्ञा. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो आज्ञांना बांधला जातो, मग समारंभ होवो अथवा न होवो. मुलगी बाराव्या वर्षीच होते. (मुली लवकर शहाण्या होतात हे आमच्या पंडितांनी दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, असं बायको सांगते.) मुंजीत गुरू बटूला काहीतरी देतो: मंत्र, दंड, जानवं. इथे कोणी काही देत नाही. मुलानेच भर सभेत उभं राहून तोरा वाचायची, बस्स. दहा प्रौढांचा कोरम लागतो, त्यात आता तो मोजला जाणार. आणि बाप काय करतो? बाप मोठ्याने देवाचे आभार मानतो, की ह्याच्या कर्माची जबाबदारी आजपासून माझ्यावर नाही. सगळ्या समारंभात बापाच्या वाट्याला एवढं एकच वाक्य येतं. मी ते फार मनापासून म्हटलं.

आता तारीख. पोराचा जन्म १७ मार्च २००९ चा, पण धर्माला इंग्रजी तारीख चालत नाही. हिब्रू तिथी होती २१ अदार. आता हिब्रू पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि ऋतूंशी मेळ ठेवायला मध्ये मध्ये महिना वाढवतं, एकोणीस वर्षांत सात वेळा. आपला अधिक महिना कधी श्रावण, कधी ज्येष्ठ असा फिरता असतो. त्यांचा मात्र कायम अदारच दुप्पट होतो. २०२२ मध्ये नेमके दोन अदार आले. तर मग वाढदिवस कोणत्या अदारात, फेब्रुवारीतल्या की मार्चमधल्या? इथल्या भल्याभल्यांना हा प्रश्न गोंधळात टाकतो. माझ्या आईने फोनवर अर्ध्या मिनिटात निकाल दिला: "अरे, सणवार निज महिन्यात करतात ना? अधिकात कोण करतं?" रब्बाईंना विचारलं तर त्याही तेच म्हणाल्या. साध्या वर्षी अदारात जन्मलेल्याची तेरा वर्षं दुसऱ्या अदारात भरतात. कालनिर्णय वाचून वाढलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागलं नाही!

त्या हिशोबाने २१ अदार आला गुरुवारी, २४ मार्चला, आणि मोठं वाचन त्याच आठवड्याच्या शनिवारी. इथे सिनेगॉगमध्ये तारखा दोन-दोन, तीन-तीन वर्षं आधी वाटल्या जातात (हॉल मिळवण्याची मारामारी दादरपेक्षा कमी नाही), त्यामुळे पोरगा दहा वर्षांचा असतानाच आम्हाला शनिवार कळला होता आणि शनिवारावरून वाचनाचा भागही. संपूर्ण तोरेचे ५४ भाग पाडलेले आहेत, दर आठवड्याचा ठरलेला. तुम्हाला निवड नसते. कोणाच्या वाट्याला समुद्र दुभंगतो, कोणाच्या वाट्याला नुसती मंडपाच्या खांबांची मापं. आमच्या वाट्याला आला 'शेमिनी'. लेवीय पुस्तकाचा नववा ते अकरावा अध्याय. त्यातला अकरावा म्हणजे काय खावं आणि काय खाऊ नये ह्याची यादी.

पोराचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, माझ्या मित्राला दहा आज्ञा मिळाल्या आणि मला उंट, ससा आणि मासे?"

त्यात भर म्हणजे तो शनिवार 'पारा'चा, म्हणजे तांबड्या गाईचा. त्या दिवशी कपाटातून दोन गुंडाळ्या काढतात आणि दुसऱ्या गुंडाळीतून तांबड्या गाईच्या रक्षेने शुद्ध होण्याचा विधी वाचतात. बार मित्झ्वाच्या मुलाला परंपरेने हेच शेवटचं वाचन मिळतं. निमंत्रितांत निम्मी मंडळी मराठी, आणि पोरगा वाचणार गाय जाळण्याबद्दल! बायकोने दोन रात्री झोप घेतली नाही. शेवटी मराठी पाहुण्यांसाठी एका पानाचं टिपण छापलं, त्यात हा विधी मंदिर पडल्यापासून, म्हणजे जवळजवळ साडेएकोणीसशे वर्षं, झालेला नाही हे पहिल्या ओळीत घातलं.

आता तयारी म्हणजे नक्की काय ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मुलगा पुस्तक वाचतोय. तोरेची गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. परंपरेने मोजलेली अक्षरं ३,०४,८०५. त्यात स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, आणि सुरावट दाखवणाऱ्या खुणाही नाहीत. नुसती व्यंजनं, एकापुढे एक. कोणी मोडी वाचायचा प्रयत्न केला असेल त्याला थोडी कल्पना येईल: ऱ्हस्व-दीर्घ आपलं आपण जाणायचं, शब्द कुठे तुटतो तेही. पण मोडीचं पत्र गायचं नसतं. हे गायचं असतं, आणि प्रत्येक शब्दाला स्वतःची ठरलेली चाल असते.

म्हणून मुलं 'तिक्कुन' नावाच्या पुस्तकातून शिकतात. एका पानावर दोन रकाने: उजवीकडे सगळ्या खुणांसकट, डावीकडे गुंडाळीत दिसतं तसं उघडं. उजवीकडे बघून घोकायचं, मग डावीकडे बघून म्हणायचं. अडलं की डोळे आपोआप उजवीकडे पळतात. पहिले सहा महिने डोळे पळतच होते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा मुलगा पुरुषसूक्त शिकत होता. त्याच्या पुस्तकात अक्षरांच्या वर उभ्या आणि खाली आडव्या रेघा, आमच्या पुस्तकात अक्षरांभोवती आकडे आणि ठिपके. दोन्ही पोरं एकदा आमच्या बेसमेंटमध्ये बसून एकमेकांची पुस्तकं बघत होती. "तुझ्यात खुणा तरी शेवटपर्यंत असतात," आमचा म्हणाला. "तुला बघून तरी वाचता येतं," तो म्हणाला. दोघांनाही समोरच्याचं सोपं वाटत होतं.

वाचताना हातात चांदीची छोटी काठी असते, टोकाला बोट कोरलेलं. चर्मपत्राला उघडा हात लावायचा नाही. आणि शेजारी एक गृहस्थ पुस्तक घेऊन उभे असतात, ज्यांचं काम एकच: अर्थ बदलणारी चूक झाली की तिथेच, सगळ्यांसमोर, दुरुस्त करणं. मुलाने तो शब्द परत म्हणायचा. ह्यात कोणाला अपमान वाटत नाही, पण बारा वर्षांच्या मुलाला हे आधी पटवणं सोपं नसतं.

तर हा झाला अभ्यास. खरी अडचण वेगळीच निघाली.

२०२० च्या शरद ऋतूत, सगळे वर्ग झूमवर असताना, एक दिवस चिरंजीवांनी लॅपटॉप बंद केला आणि जाहीर केलं, "मला बार मित्झ्वा करायची नाही." आधी आम्हाला वाटलं कंटाळा. हळूहळू बाहेर आलं. वर्गातल्या एकाने विचारलं होतं, तुम्ही ज्यू कधी झालात? म्हणजे धर्म कधी बदललात? विचारणाऱ्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने आयुष्यात पाहिलेले सगळे ज्यू पोलंड-रशियाकडून आलेल्यांचे पणतू होते. पण आमच्याला उत्तर देता आलं नाही, आणि उत्तर देता आलं नाही हे त्याला लागलं. "आपण खरे आहोत का?" त्याने मला विचारलं. "का आपण कोणाचं तरी बघून करतोय?"

मंडळी, हा प्रश्न नवा नाही. माझे काका १९६३ मध्ये इस्रायलला गेले. त्या काळात तिथल्या धर्ममंडळाने फतवा काढला होता की बेने इस्राएल मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्नं लावण्याआधी त्यांच्या कित्येक पिढ्या तपासाव्यात. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, बायकापोरांसकट. ऑगस्टमध्ये प्रकरण संसदेत गेलं आणि सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्या दिवसांतली काकांची मराठी पत्रं बाबांनी जपून ठेवली आहेत. मी ती पोराला दाखवावीत की नाही ह्यावर घरात दोन मतं होती. बायकोचं म्हणणं, आधीच शंका आहे, त्यात हे कशाला? माझं म्हणणं, शंका घेणारा तो पहिला नाही हे तरी कळू दे. शेवटी पत्रं नाही, आजोबाच कामाला आले.

बाबांनी त्याला फोनवर विचारलं, "तुझा भाग कोणता आहे म्हणालास?" "शेमिनी. मासे." "मग झालं की! तुझ्या भागातच तर आहे."

आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली जी आम्ही सगळे पाळण्यापासून ऐकत आलोय. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले, सात बायका आणि सात पुरुष वाचले, पोथ्या समुद्रात गेल्या. गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू विसरले, उरला फक्त 'शेमा'. सुंता राहिली, शनिवार राहिला. मग अनेक पिढ्यांनी दाविद राहबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. त्याला शंका: हे आपले का? त्याने बायकांना बाजारातून आणलेली मासळी दिली आणि सांगितलं, रांधा. बायकांनी टोपलीतून पर आणि खवले असलेले मासे एकीकडे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. का खात नाही ते त्यांना सांगता आलं नाही. राहबीला तेवढं पुरलं.

पर आणि खवले. लेवीय, अध्याय ११, वचन ९ ते १२. पोराने तिक्कुन उघडलं. त्याच्याच पानावर होतं.

आता आमचं पोर अमेरिकन शाळेत शिकलेलं. त्याने लगेच पुरावा मागितला. राहबी केव्हाचा? समाजाच्या सांगण्याप्रमाणे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा; काही अभ्यासकांच्या मते तो अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहबी घराण्यातला असावा. म्हणजे नक्की नाही. मग त्याने स्वतः इंटरनेट खणून २०१६ सालचा एक जनुकांवरचा शोधनिबंध काढला. त्यात बेने इस्राएलांमध्ये ज्यू आणि भारतीय, दोन्ही वंशांचा मोठा वाटा असल्याचं दाखवलंय. त्याने तो आजोबांना पाठवला. आजोबा खवळले. "रक्त तपासून कोणी ज्यू ठरतो होय? मग ते मासे कशाला वेगळे काढले बायकांनी?" दोघांचं आठवडाभर वाजलं. मी मध्ये पडलो नाही, कारण बार मित्झ्वाबद्दल पोरगा पहिल्यांदाच आपणहून बोलत होता. पुढच्या सोमवारी तो न सांगता वर्गाला बसला.

त्यानंतर शिकवण्याची नवी पंचाईत उभी राहिली. इथले आमचे कँटर (म्हणजे आपले हजान) पूर्व युरोपच्या परंपरेतले, त्यांची वाचायची चाल वेगळी. आमच्या लोकांना एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आणि बगदादकडून आलेल्या शिक्षकांनी शिकवलं, त्यामुळे बाबांची चाल वेगळीच, त्यात ठाण्या-अलिबागचं वळण. बाबांनी मध्य रेल्वेत नोकरी केली, पण चाळीस वर्षं अधूनमधून तोरा वाचली आहे. नातू आपल्या चालीत वाचणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. इथल्या रात्री साडेआठला, म्हणजे ठाण्यात सकाळी सातला, व्हॉट्सॲपवर आवाज यायला लागले. एका आठवड्यात चौदा. मागे कुकरची शिट्टी, खाली भाजीवाला, आणि मध्ये बाबांचा खर्जातला सूर.

पोरगा दोन्ही ऐकून पार गोंधळला. एकच शब्द सोमवारी वर जायचा आणि मंगळवारी खाली. मी ते आवाज कँटरना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले, दोन परत लावायला सांगितले, आणि मग म्हणाले, सुंदर आहे, पण एका वाचनात दोन चाली मिसळू नका. मुलगा वर्षभर ज्या सभेत बसतो तिच्या चालीत वाचेल तरच लोक त्याच्याबरोबर वाचतील. मला हे पटलं. बाबांना सांगायचं काम मात्र माझ्याकडे आलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." आणि पुढचे बारा दिवस एकही आवाज आला नाही.

तेराव्या दिवशी कँटरचाच निरोप आला. गुरुवारी सकाळीही तोरा वाचतात, सोमवारी आणि गुरुवारी, पुढच्या शनिवारच्या भागाची फक्त सुरुवात. त्या दिवशी मुलाची तेरा वर्षं भरतात. आजोबा येणार असतील तर गुरुवारचं वाचन त्यांनीच करावं, त्यांच्या चालीत. बाबांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "किती वचनं?" "सोळा." "बघतो." दुसऱ्या दिवसापासून आवाज पुन्हा सुरू, पण आता ते स्वतःचा सराव पाठवत होते आणि नातू इकडून चुका काढत होता.

बाबा येणार कसे हीच मग चिंता. नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २०२० पासून बंद होती. ती पुन्हा सुरू झाली २७ मार्च २०२२ ला, म्हणजे आमच्या समारंभाच्या दुसऱ्या दिवशी! आई-बाबा 'एअर बबल'च्या विमानाने आले. कोव्हिशील्डचं प्रमाणपत्र, निघायच्या आदल्या दिवसाचा कोविड चाचणीचा कागद, आणि बाबांच्या हातातल्या पिशवीत त्यांचे तेफिलिन. सुरक्षा तपासणीत त्या काळ्या चामड्याच्या डब्या उघडायला सांगतील की काय ह्या धास्तीने त्यांनी ती पिशवी झोपेतही सोडली नाही म्हणे.

ते पोचले आणि आठवडाभरात पुरीम आला, १७ मार्चला. आमचे पूर्वज ह्या सणाला 'होळीचा सण' म्हणत, जसे तिशा बेआवला 'बिर्ड्याचा सण', वालाचं बिरडं करतात म्हणून. त्या वर्षी पुरीम आणि होळी एकाच दिवशी आले. आईने पुरणपोळ्या केल्या. जोश्यांकडूनही आल्या.

गुरुवारची सकाळ. थंडी होती, सात वाजता दहा माणसं जमतील की नाही शंका होती, अठरा आली. बाबांनी नातवाच्या डाव्या हाताला तेफिलिनचा पट्टा बांधला, कोपरापासून मनगटापर्यंत सात वेढे. त्यांचे हात थरथरतात हल्ली, तरी वेढे सारखे आले. मग त्यांनी वाचलं. तोरा वाचताना पहिला मान कोहेनाचा, दुसरा लेवीचा, तिसरा साध्या इस्राएलाचा. आमच्यात कोहेनही नाहीत आणि लेवीही नाहीत, नावातच आम्ही 'इस्राएलाची लेकरं', म्हणून पोराला तिसऱ्यांदा बोलावलं. बाबांचा सूर त्या छोट्या खोलीत काही वेगळाच लागत होता. मागच्या बाकावरचे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ नंतर म्हणाले, अशी चाल मी आयुष्यात ऐकली नव्हती, पण कुठे वाक्य संपतंय ते प्रत्येक वेळी कळत होतं.

शनिवारबद्दल थोडक्यात सांगतो, कारण व्हिडिओ नाहीच (शब्बाथला कॅमेरा चालत नाही). अकराव्या अध्यायात 'गाहोन' म्हणजे पोट हा शब्द आहे. त्यातलं 'वाव' अक्षर गुंडाळीत मुद्दाम मोठं लिहितात, कारण परंपरेप्रमाणे तो तोरेच्या अक्षरांचा मध्य. त्या अक्षरापाशी पोचलं की अर्ध्याहून जास्त झालं, अशी खूण त्याने मनाशी ठरवली होती. माशांची वचनं बिनचूक गेली. तांबड्या गाईत दोनदा अडकला, दोन्ही वेळा शेजारच्या गृहस्थांनी शब्द दिला, त्याने परत म्हटला आणि पुढे गेला. यहेज्केलाचा भाग वेगळ्या चालीत असतो, तो त्याने जरा घाईत उरकला. मग जेलीच्या मऊ गोळ्यांचा वर्षाव. ह्या रिवाजात लहान मुलं किती जोरात मारतात हे मराठी पाहुण्यांना आधी सांगायला हवं होतं, असं एका वहिनींचं मत पडलं.

त्याचं भाषण मात्र थोडं सांगतो. ते लिहायला रब्बाई चार वेळा त्याच्याबरोबर बसल्या होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, ह्या भागात तुला काय खटकतं? त्याने तिथूनच सुरुवात केली: माशाला पर असावेत आणि खवले असावेत ह्याला मला काही कारण सापडलं नाही. मग कोकणातल्या त्या बायकांची गोष्ट. त्यांनाही कारण माहीत नव्हतं, तो म्हणाला, आणि पुस्तकही नव्हतं. मला मात्र पुस्तक, शिक्षक, झूम आणि आजोबांचे एकशे सहा आवाज एवढं सगळं मिळूनही मी दीड वर्षांपूर्वी सोडून देणार होतो. शोधनिबंधाचा उल्लेख त्याने ठेवला. "त्यात म्हटलंय की आम्ही दोन्ही आहोत. ते मला आमच्या स्वयंपाकघरातच दिसत होतं." बाबांना इंग्रजी उच्चार सगळे कळले नाहीत, बायकोने कानात सांगितलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "राहबीचं साल नाही सांगितलंन ते बरं केलंन."

जेवणाचा एक घोळ होता. सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात घरचं शिजवलेलं नेता येत नाही, कोशरच्या नियमाने. त्यामुळे तिथे बेगल आणि मासे, आणि आमची मलिदा रविवारी घरी. पातळ पोहे, गूळ नव्हे साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, पाच फळं, आणि एलियाहू हानाबीचं स्मरण. मनुकांचं सरबत आईने दोन दिवस आधी भिजत घातलं होतं. पोराच्या वर्गातली आठ मुलं आली होती, त्यांनी मलिदा तीनदा मागून घेतली. तो 'तुम्ही ज्यू कधी झालात'वालाही होता. डीजे, फोटो बूथ, नाव छापलेले स्वेटशर्ट ह्यातलं आम्ही काहीच केलं नाही. इथे त्याशिवाय होत नाही असं लोक सांगतात, ते खरं नाही.

भेटींची गंमत राहिलीच. ज्यू लोक १८ च्या पटीत देतात, कारण 'हाय' म्हणजे जीवन ह्या शब्दाची अक्षरं आठ आणि दहा मिळून अठरा होतात. आपली मंडळी अर्थातच १०१ आणि १५१. चिरंजीवांनी दोन गठ्ठे केले, बेरीज केली आणि विचारलं, "तो वरचा एक डॉलर कशासाठी?" ते मात्र मला नीट सांगता आलं.

आता लेकीची पाळी. अमेरिकेतली पहिली बात मित्झ्वा १८ मार्च १९२२ ला न्यूयॉर्कमध्ये झाली, ज्युडिथ कॅप्लान नावाच्या मुलीची. आमच्या समारंभाच्या आदल्याच आठवड्यात तिला शंभर वर्षं झाली आणि रब्बाईंनी त्यावर बोलताना समोर बसलेल्या माझ्या आठ वर्षांच्या मुलीकडे बघितलं. ठाण्यात मुलींनी तोरा वाचलेली बाबांनी कधी पाहिली नव्हती. ते काहीच बोलले नाहीत. तिच्या वाट्याला 'बालाक' आला आहे, ज्यात बिलामाची गाढवी माणसासारखी बोलते. तिने कँटरना आधीच सांगून टाकलंय की ती सुरुवातीपासून एकच चाल शिकणार, आजोबांची, म्हणजे मिसळायचा प्रश्नच नको. कँटरनी होकार दिला आणि स्वतः शिकायलाही लागले. सध्या ठाण्याहून सकाळी सातचे आवाज तिच्या फोनवर येतात, आणि गाढवीचं वाक्य जरा वेगळ्या आवाजात म्हणायचं की नाही, ह्यावर दोघांचा वाद चालू आहे.